नांदवतही नाही, सोडतही नाही

जागृती मूळची सातपाटीची. लग्न झालं शेजारच्या शिरगावात, त्यामुळे पोरगी हाकेच्या अंतरावर राहिली म्हणून आई खूश होती. नवरा सुजीत टेम्पो चालवायचा. पुढे दोघांनी बोईसरला भाड्याची खोली घेतली आणि जागृती तिथल्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. मूलबाळ झालं नाही. एका पावसाळ्यात किरकोळ भांडण होऊन सुजीत शिरगावला आपल्या आईकडे गेला, तो परत आलाच नाही.

जागृती दोनदा आणायला गेली. "तू ऱ्हा तिकडंच," एवढंच तो बोलला. दोन वर्षं उलटली तेव्हा तिने घटस्फोटाचा विषय काढला, तर तो हसला. "देनार नाय. बस तशीच."

ओळखीतला एक वकील होता, पण त्याचं सुजीतच्या घरीही जाणंयेणं होतं. जागृती गेली की तो चहा मागवायचा आणि म्हणायचा, "जरा सबुरीनं घेऊ." शेवटी तिने त्याच्याकडून आपले कागद परत आणले.

"मीच अर्ज टाकते," ती आईला म्हणाली.

"कोर्टात बोलाया जमंल तुला?"

"जे झालं तेच सांगायचं हाय. ते माझ्याशिवाय कोणाला म्हाईत?"

पालघरला कोर्टाबाहेर दामूकाका टायपिंग करत बसायचे. त्यांनी सवयीने विचारायला सुरुवात केली. नवऱ्याने मारलं का? नाय. हुंडा मागितला? नाय. दारू? सणावाराला.

"मारहाण लिहून टाकू का? दावा जरा मजबूत दिसतो."

"झालं नाय ते लिवू नका, काका. उद्या साहेबांनी इचारलं तर मी काय सांगू?"

मग काकांनी एवढंच टाइप केलं की नवरा कारण नसताना सोडून गेला आणि दोन वर्षांहून जास्त काळ नांदवत नाही.

अर्ज एकदा परत आला. लग्नाची नोंदणी झालेली नव्हती. जागृतीने लग्नपत्रिका आणि मांडवातले फोटो जोडले आणि पुन्हा रांगेत उभी राहिली. पहिल्या तारखेला न्यायाधीश बाईंनी वर पाहिलं.

"वकील नाही? तुम्हाला सरकारी खर्चाने मिळू शकतो."

"मला ठाऊक हाय, मॅडम. अडले तर मागीन."

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. समन्स घेऊन बेलीफ शिरगावला जायचा आणि सुजीत घरी नसायचा. समन्स पोचल्याशिवाय दावा पुढे सरकेना, आणि पुढच्या तारखेला पुन्हा तेच. दर तारखेला जागृती कारखान्यातली पाळी बदलून घ्यायची. पॅकिंगमधली एक बिहारी बाई तिला म्हणायची, "दीदी, वकील कर लो, ऐसे तो बुढ़िया हो जाओगी." जागृतीही मनातून खचली होती. एकदा तर कोर्टातून येताना वाटलं, राहू दे, नावाला नवरा असला म्हणून काय बिघडतं? पण खोलीचा भाडेकरार असो की बँकेतला अर्ज, जो तो तिच्याकडे नवऱ्याची सही मागायचा.

मग घर दाखवायला ती स्वतः बेलीफबरोबर गेली. टेम्पो दारातच उभा होता. ओट्यावर सासू, रंभाबाई, सुके बोंबील निवडत होती. जागृतीला पाहून तिचे हात थांबले.

"सुजीत घरी आहेत का?" बेलीफने विचारलं.

रंभाबाईने आत पाहिलं. आत टीव्हीचा आवाज एकदम बारीक झाला.

"हाय," ती म्हणाली. "पन भायेर यायचा नाय. घरच्या मानसानं घेतलं तर चालतं का?"

"चालतं. तुम्ही इथेच राहता ना?"

"मंग आन हिकडं." तिने पदराला हात पुसले आणि सावकाश सही केली. आतून सुजीत ओरडला, "आये, काय करतेस?" रंभाबाईने तिकडे लक्ष दिलं नाही. जागृतीला ती म्हणाली, "घरात ठेवायची नाय तर मोकळी तरी करावी. मी त्याला किती येळा सांगितलं." जागृती वाकून पाया पडली आणि निघाली.

सुजीत एकदाच कोर्टात आला.

"मला घटस्फोट द्यायचा नाय."

"मग हिला घरी न्यायला तयार आहात?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

तो खिडकीबाहेर बघत राहिला. समजुतीसाठी दोघांना मध्यस्थाकडे पाठवलं, तिथे तो फिरकला नाही. नंतरच्या तारखांनाही नाही. दावा एकतर्फी चालला. जागृतीने शपथेवर सगळं सांगितलं. ती दोनदा आणायला गेली होती तेव्हाचे सुजीतचे शब्दही जसेच्या तसे सांगितले. न्यायाधीश बाईंनी तिला पाणी द्यायला लावलं.

पुढे निकाल लागला. घटस्फोट मंजूर. बाहेर येऊन तिने आईला फोन केला. आई बराच वेळ रडली.

"तुला कसं वाटतंय गो?"

जागृतीने जरा विचार केला. "भूक लागलीय," ती म्हणाली, आणि समोरच्या हॉटेलात शिरली.