छापील पुस्तिकेतली विहीर

मी मास्तर झालो तेव्हा विशीत होतो आणि छापलेल्या अक्षरावर माझी भारी भक्ती. जवळा बाजारापासून दोन कोसांवर आमची चौथीपर्यंतची शाळा. राज्य निजामाचं. इतिहासाच्या पुस्तकात दिल्ली होती, हैदराबाद होतं. आमचं गाव मात्र औषधालाही नव्हतं. पोरं घडाघडा पाठ म्हणत आणि घरी जाईपर्यंत विसरत. म्हणून मी ठरवलं, गावाचा इतिहास गावातच शोधायचा. म्हाताऱ्यांना शाळेत बोलवायचं, त्यांनी पाहिलेलं-ऐकलेलं पोरांना वहीत उतरवायला लावायचं. या कल्पनेचा मला इतका अभिमान, की मी ती बायकोला तीनदा सांगितली.

पहिला म्हातारा बोलावला तो तांड्यावरचा. त्याचा नातू चौथीत होता. या लोकांच्या मागच्या पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायच्या. आता तांडा शेती करून राहत होता. म्हातारा धुतलेलं पागोटं बांधून आला. खुर्चीवर काही केल्या बसेना. मी खाली सतरंजीवर बसलो, तेव्हा कुठे तोही बसला.

त्यानं रस्त्याकडेच्या विहिरीची गोष्ट सांगितली.

“आमच्या आजाचा मुक्काम व्हता हितं. पाऊस न्हाई. बैलं तडफडून मरून राहिली. मंग बायाबाप्यांनी मिळून हीर खांदली. आठव्या दिवशी माती ढासळली. माझी आजी तिच्याखाली गेली. दुसऱ्या दिवशी तिथंच पाणी लागलं.”

पोरांनी ते वहीत उतरवलं. नातवाची मान ताठ. दिवाळीला पूर्वजांच्या नावानं विस्तवावर गोडाचा घास टाकायची तांड्यावर रीत होती. त्या आजीचा घास मात्र घरी न टाकता विहिरीच्या काठावर निखारे नेऊन टाकत. ते का, हे मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला अक्कल पाजळायची होती. शाळांसाठी काढलेली, तालुक्याच्या माहितीची एक छापील पुस्तिका माझ्याजवळ होती. ऐकलेलं ताडून कसं पाहायचं हे पोरांना शिकवावं, म्हणून मी ती उघडली. विहिरीवर एकच ओळ होती: ही विहीर गावच्या देशमुखांनी वाटसरूंसाठी बांधली. मी ती मोठ्यानं वाचली.

“न्हाई गुरुजी,” म्हातारा म्हणाला. “तसं न्हाई ते.”

“बाबा, छापून आलंय. ऐकीव गोष्टीत इकडचं तिकडं होतंच.”

मी पुस्तिकेतलं वाक्य फळ्यावर लिहिलं. पोरांनी वहीतली म्हाताऱ्याची गोष्ट खोडली. नातवानंही खोडली, कागद फाटेपर्यंत जोर लावून. म्हातारा फळ्याकडे बघत होता. त्याला वाचता येत नव्हतं. थोड्या वेळानं तो रामराम करून निघून गेला.

त्या दिवाळीला विहिरीच्या काठावर कुणी आलं नाही. मी ते पाहिलं आणि मला काहीही वाटलं नाही. आज याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

चार वर्षांनी कामासाठी हिंगोलीला गेलो होतो. तिथं आमच्याच शाळेतले, माझ्या आधीचे म्हातारे मास्तर भेटले. त्यांच्या घरी चहा घेताना बोलण्यात आलं, की पुस्तिकेतली आमच्या गावची माहिती त्यांनीच लिहून पाठवलेली. विहिरीचं कुठून मिळालं, मी विचारलं.

“कुठून म्हणजे? वरून हुकूम आला, आठ दिवसांत माहिती पाठवा. देशमुखांच्या ओसरीवर जाऊन बसलो. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. मधे भजी आली.” ते हसले. “काहून? चुकलं का काही?”

मी कप खाली ठेवला. जी ओळ मी पुरावा म्हणून नाचवली, तीही ऐकीव गोष्टच होती, फक्त ओसरीवरची. आणि ज्याच्या घरचं माणूस त्या मातीखाली गेलं, त्याला मी त्याच्या नातवासमोर खोटं पाडलं होतं.

परतल्यावर घरी न जाता थेट तांड्यावर गेलो. म्हातारा खाटेवर उन्हाला बसला होता. खूप वाळला होता, पण त्यानं मला लगेच ओळखलं. सुनेनं पाणी दिलं. मी त्याच्या पायाशी बसलो.

“बाबा, पुस्तक चुकलं. तुमचंच बराबर होतं. मला पुन्हा सांगा, मी नीट लिहून घेतो.”

“कशाचं?”

“विहिरीचं. तुमच्या आजीचं.”

“हीर देशमुखानं बांधली,” तो शांतपणे म्हणाला. “नातवानं वाचून दाखवलं मला. आमी अडाणी माणसं. बापानं कायबी सांगितलं आसंल.”

“न्हाई बाबा. तुमच्या बापानं खरं तेच सांगितलं. चूक माझी.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. नजरेत राग असता तर बरं झालं असतं. पण तो मलाच समजावत होता.

“गुरुजी, तुमी पोरांसमोर सांगितलं. शिकलेलं माणूस लेकरांना खोटं काहून सांगंल?”

माझे डोळे भरून आले होते. मी विचारलं, “मग आजी कशानं गेली बाबा?”

“तापानं गेली आसंल,” म्हातारा म्हणाला.