साहेबबोडीचं गाव

माझं आडनाव आयरिश आणि रंग तव्याचा. उभी हयात गोंदियात मुलांना मराठी शिकवण्यात गेली, तरी हे दोन्ही एकाच बाईत पाहून लोक अजून विचारतात, "आप कहाँ से हो?" पूर्वी मी फणकाऱ्यानं सांगायचे, "रेल्वे कॉलनी से." वडील गेले आणि तो प्रश्न घरापर्यंत मागे यायला लागला. लग्न केलं नाही, भावंडं नाहीत. कुकरमध्ये एका माणसाचा भात लावताना हात आखडतो. जगात मला 'आमची' म्हणणारं कोणी उरलंय का, एवढंच शोधायचं होतं.

वडिलांचे आजोबा आयर्लंडहून दरेकशाच्या रेल्वे बोगद्याच्या कामावर आले, असं आमच्याकडे सांगत. म्हणून आधी आयर्लंडमध्येच विचारलं. वंशावळी शोधणाऱ्या तिथल्या एका गृहस्थांचा ई-मेलवर पहिलाच प्रश्न: शिवाराचं नाव काय? तिथे म्हणे चार शेतांच्या तुकड्यालाही वेगळं नाव असतं, आणि ते ठाऊक नसेल तर एकाच आडनावाच्या गर्दीत माणूस सापडत नाही. आम्हाला ठाऊक होता नुसता देश. महाराष्ट्रात उतरून 'पाटलांचं घर कुठं' विचारण्यातलीच गत. मी तो नाद सोडला.

उरली पणजी. ती दरेकशाकडच्या एका गोंड घरातली. त्या आयरिश साहेबानं तिच्या माहेरगावाला बोडी, म्हणजे धानाच्या पाण्याचं लहान तळं, खोदून दिली होती. आणि पणजी मरेपर्यंत माहेरच्या टेंभरीच्या बांधीची, म्हणजे टेंभरीच्या झाडाकडच्या धानाच्या शेताची, आठवण काढायची. एवढ्या भांडवलावर मी भूमी अभिलेखच्या कार्यालयात गेले.

"नाव नको मॅडम, गट नंबर सांगा," बाबू म्हणाला.

नंबर असता तर तुमच्या दारात कशाला आले असते, हे मी मनातच म्हटलं. मग गावंच पालथी घातली. टेंभरीची बांधी विचारली की प्रत्येक गावात कोणीतरी हात करून दाखवी आणि मी तिकडे धाव घेई. टेंभरीचं झाड नसलेलं शिवार या जंगलात मिळायचं नाही, हे मास्तरीणबाईंच्या डोक्यात फार उशिरा आलं. शेवटी बाबूनंच, बहुधा माझ्या फेऱ्यांना कंटाळून, निस्तारपत्रकं काढली. गावाच्या सामायिक तळ्यांची, चराईची नोंद त्यात असते. एका गावापुढे 'साहेबबोडी' लिहिलेलं होतं. मला रडूच आलं. बाबूनं पाणी मागवलं.

बोडी अर्धी गाळानं भरली होती. तिच्या खालच्या बांध्या ज्यांच्या, त्यांच्या अंगणात मी गेले. घरातल्या म्हातारीनं माझं सगळं म्हणणं ऐकून घेतलं.

"हो जी," ती म्हणाली. "आमच्या सासऱ्याची आत्या गोऱ्यासंगं गेली होती. घरात सांगत."

म्हणजे माझी पणजी याच घरातली. मी तिचा हातच धरला. तिनं तो धरू दिला आणि विचारलं, "तुमचे देव किती?"

हा प्रश्न मला माहीत होता. गोंडांत कुळं देवांच्या संख्येवर ठरतात. तेवढेच देव असतील तर भाऊ, वेगळे असतील तर सोयरे. मी ख्रिस्ती, माझ्याजवळ एकच उत्तर होतं.

"एक."

"एकच?" म्हातारी विचारात पडली. "मंग समदेच भाऊ झाले. लगन कोनासंगं करता तुमी?"

"केलंच नाही," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

मग ती समजावत म्हणाली, "पोरगी देली का ते नवऱ्याच्या देवात जाते. तिची लेकरं बी तिकडचीच. तुमी त्या गोऱ्याच्या देवातल्या, बाई." तिच्या आवाजात तुसडेपणा नव्हता. नियम सांगत होती. मी मान हलवली. खोटं का बोलू, फार लागलं.

मला ओसरीत खाटेवर बसवलं. पाय धुवायला पाणी दिलं. भात, लाखोरीची डाळ आणि बोडीतल्या मासोळ्या आधी मला वाढल्या. तेवढ्यात म्हातारीची पुतणी शेजारच्या गावाहून आली. पिशवी दारात टाकून थेट चुलीपाशी गेली, हातावर रस्सा घेऊन चाखला आणि मीठ कमी म्हणून आतूनच ओरडली. कोणी तिला या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही.

जेवण झाल्यावर मी ताट उचललं आणि अंगणातल्या भांडी घासायच्या दगडाकडे निघाले. म्हातारी लगबगीनं आली. माझ्या हातातून तिनं ते हळूच काढून घेतलं.

"राहू द्या जी," ती म्हणाली. "पाव्हनी मानूस ताट नाही उचलत."