काठ्या सायकलवर, मी मागं

नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नाही. पण ही गोष्टच त्याईची आहे, म्हणून एकदा घेते. केवळराम. मोहाडीपासून दोन कोसावर आमचं गाव, घरी धानाची शेती. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, आटोपली की गावातले बाकीचे गडी झोपा काढत, अन् आमचे हे तलावावर मासे धराले जात. जाळं नाही, गरी. लांब बांबूची काठी, शेंड्याले दोरी, दोरीले लोखंडी आकडा.

काठ्याईचं भल्लं वेड होतं बापा. आंबागडच्या जंगलातून बारीक बांबू आणायचे, वर्षभर चुलीच्या धुरावर टांगायचे, मंग तेल लावून जाळावर शेकून सरळ करायचे. घरात बायको वाकडी वागली तरी चालायचं, काठी वाकडी नाही चालायची.

सत्याहत्तर साली त्याईनं जुनी सायकल घेतली. काठ्या पाच, सात-सात हाताच्या. पयल्या दिवशी पुढून हँडलले बांधल्या अन् मागून कॅरियरले. आता असं बांधल्यावर हँडल वळन कसं? सायकल गेली सरळ शेजारच्या लक्ष्मणरावच्या धानाच्या बांधीत. चिखलात बसल्या बसल्याच मले म्हणते, "काय वो, हँडलले नाही बांधाचं." मी पोट धरून हसली.

मंग महिनाभर ठोकठाक. जुन्या बादल्याईच्या कड्या वाकवून सायकलच्या दांडीवर कसल्या, कड्याईच्या आतून फाटक्या ट्यूबचं रबर. मागं कॅरियरवर सागाची फळी उभी केली, तिले पाच खाचा. शेंडे पुढं ठेवले तं बाभळीत अडकतात, म्हणून शेंडे मागं. सीटच्या मागं चार हात बाहेर, माणसाच्या तोंडाएवढे उंच, त्याले लाल चिंधी. सायकल कशीही आदळो, काठीले ओरखडा म्हणून नाही. आकडे मात्र काढत नसत. एकदा बांधलेली गरी सोडली की हात बिघडते, असं त्याईचं म्हणणं. दोरी काठीले गुंडाळून आकडा शेंड्यापाशीच मक्याच्या कणसाच्या तुकड्यात खोचून ठेवायचे, झालं.

माह्या बसाच्या जागी फळी आली. मी मागून पायी. शेंडे हलू नये म्हणून मी ते हातात धरायची, ते पुढं हळूहळू पायडल मारायचे. लक्ष्मणराव पारावरून ओरडायचा, "केवळराम, काठ्या सायकलवर अन् घरची लक्ष्मी पायी?" हे म्हणायचे, "काठीले पाय नाहीत ना भाऊ." मले राग नाही यायचा. खरं सांगते, तेच माहे सुखाचे दिवस. तलावाच्या पाळीवर, बांधावर, दोघं शेजारी बसायचो, एक काठी माह्याही हातात असायची. एकदा मी हातभर मरळ काढली तं यांनी ती गावभर दाखवली.

एकोणऐंशीचा भादवा. तलावाच्या पाळीवरून खाली उतरत होतो. माह्या पायात काटा रुतला म्हणून मी चालता चालता खाली पाहिलं. तेवढ्यात समोरून म्हैस वर आली. यांनी करकचून ब्रेक दाबला. सायकल थांबली, मी नाही थांबली. कणसाचा तुकडा कवाचा गळून पडला होता, कोणाले पत्ता नाही. आकडा माह्या डाव्या डोळ्यात गेला.

मले ओरडता नाही आलं. शेंड्याले ओढ बसली ती त्याईले हँडलवरच्या हाताले कळली. मान न वळवता त्याईनं विचारलं, "काठी मोडली का वो?"

मंग वळून पाहिलं.

त्याईनं दातानं दोरी तोडली. फळी नुसत्या हातानं उपटली, बोटं फाटली, मले कॅरियरवर बसवलं अन् मोहाडीपावेतो सायकल धरून पळाले. तिथून भंडाऱ्याले नेलं. डॉक्टरनं सांगितलं, डोळा गेला. काठ्या पाळीवरच पडून राहिल्या. कोणीतरी आणून दिल्या, पाचही धड होत्या.

मी मनातून कवाच माफ केलं होतं. डोळा म्हणजे काय, अपघात झाला. पण माणूस गेला ना माहा. पाणी भरायचे, तांदूळ निवडायचे, माह्या हातून कोयता घ्यायचे, सारं करायचे. बोलायचे नाही. जेवाले बसले की माह्या डाव्या बाजूले, मले दिसत नाही तिकडे. मी मान वळवली की सरकून अजून मागं. सात वर्षं मी एकाच घरात राहून नवऱ्याचं तोंड धड पाहिलं नाही. याचा राग कोणावर काढावा माणसानं?

मले माहीत होतं त्याईले काय खाऊन राहिलं ते. अपघात नाही, तो काठीचा सवाल. एक ना एक दिवस विचारतील, अन् मी म्हणीन, कोणता सवाल जी, मले तं काहीच ऐकू नाही आलं. चूल फुंकता फुंकता मी ते बोलून पाहायची. आवाज कसा ठेवाचा तेही ठरवलं होतं.

श्याऐंशीच्या दिवाळीनंतर धान कापून राहिलो होतो. बांधावर भाकर खाले बसलो. डाव्या बाजूनं आवाज आला, "त्या दिवशी मी काय म्हटलं, ते तू ऐकलं होतं का?"

मी मान वळवली. ते मागं सरकले.

"ऐकलं," मी म्हटलं.

ते "बरं" म्हणाले. भाकर पुरी खाल्ली, ताट धुतलं, अन् कापाले लागले. सांजच्याले मी म्हटलं, "अजी, रागानं म्हटलं. मले काहीच ऐकू नव्हतं आलं." ते म्हणाले, "राहू दे. तुले खोटं बोलता येत नाही."

खळ्यावरच्या खोपडीत राहाले गेले ते, घरी आलेच नाहीत. डबा मी न्यायची, ते पाठ करून खायचे. माघात तापानं गेले. गाव म्हणते, बाईचा डोळा गेल्याचं त्याईनं मनाले लावून घेतलं. म्हणू दे.

मले खोटं बोलता येत होतं. सात वर्षं तेच शिकली होती. पण ते मागं सरकले, अन् मले त्या घडीले त्याईले दुखवाचं होतं. तेवढं मले बरोबर जमलं.