गडावर जायचा बेत

माझे वडील खालापूरच्या स्टँडवर चळवळीची पत्रकं वाटायचे आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी मुळाक्षरं गिरवली. हक्क म्हणजे काय ते आपल्याला लहानपणीच कळलं, असं मी समजत होतो.

आमच्या गावामागच्या गडाचं आता उद्यान झालं आहे. नव्या तांदळाचा भात शिजवण्याआधी पहिल्या लोंब्या गडावरच्या देवीच्या दाराला बांधायच्या, ही आमची रीत. यंदा आईला घेऊन कधी जायचं ते ठरवायला मी मोबाइलवर उद्यानाची माहिती वाचून दाखवली. पायवाटा बारा महिने खुल्या, असं लिहिलं होतं.

"आदी काय आमी उडत जात होतो रं?" आई म्हणाली.

खाली नियम होता: धान्य आणि पूजेचं सामान आत नेता येणार नाही. मी भडकलो. पत्रक काढू, गेटावर बसू, असं बरंच बोललो. आईनं ऐकून घेतलं आणि शेजारच्या काकूला हाक मारली. काकू त्याच पायवाटा झाडायला जाते.

"तुज्या टोपलीत पाल्याखाली लोंब्या मावतील ना गं? मी बी झाडू घेऊन येते."

"ये की. झाडणारीची टोपली कोन बघतंय!"

दोघी हसल्या. मला हसता येईना.

"तू तुजं तिकीट काढ," आई मला म्हणाली. "आन गेटावर मला आई म्हणून हाक मारू नको."

मी एकच तिकीट काढलं.