चरबी चढली कुणाला?

गल्लीत तिला सगळे 'डास' म्हणत. बावीस वर्षं प्रसूतिगृहाच्या लॅबमध्ये बायकांचं रक्त काढलं की दुसरं काय नाव पडणार? हात हलका, जीभ मात्र सुईहून टोकदार. धाकट्या जावेशी तर विळ्याभोपळ्याचं सख्य. स्वयंपाकघर एक, शेगड्या दोन, आणि वर्षभर एकमेकींशी अवाक्षर नाही.

धाकटीला तिसरा महिना लागला आणि रक्त द्यायला नेमकं डासापुढेच बसावं लागलं.

"हळू टोच. सूड उगवू नकोस."

डासाने एका टोचण्यात काम उरकलं.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. रक्तातली चरबी वाहून नेणारी प्रथिनं वाढली होती. अशा बायकांना गरोदरपणात पुढे साखर होण्याचा धोका जास्त, म्हणून डॉक्टरांनी साखरेची तपासणी आत्ताच करायला लिहिलं होतं. कागद इंग्रजीत. धाकटीने तो सासूबाईंना दिला, सासूबाईंनी डासापुढे टाकला. डासाने वाचला आणि सवयीने एका वाक्यात निकाल लावला.

"हिच्यात चरबी जास्त आहे."

झालं! धाकटी कडाडली, "ऐकलंत? मला चरबी चढलीय म्हणते!"

"अगं बाई, रक्तात..."

"आता रक्तावर घसरलीस? माझं माहेर काढतेस? नाही करत जा टेस्ट-बिस्ट!"

"नकोच करूस," सासूबाईंनी री ओढली. "हिची कूस रिकामी, म्हणून डोळ्यांत खुपतंय."

डासाच्या मुठीत कागद चुरगळला. त्या क्षणी तिला दोघींचा मनस्वी तिटकारा आला. मरू देत, असंही वाटून गेलं.

"रिकामी नव्हती, सासूबाई. आठ महिने भरलेली होती. साखर वाढत गेली, कुणी तपासली नाही. मी दुसऱ्यांच्या नळ्या भरत बसले आणि तुम्ही सगळे माझ्याशी गोड बोलत राहिलात. चेहरा कसा भरलाय म्हणत होतात. पोटातलं पोटातच गेलं."

सासूबाईंनी मान फिरवली. धाकटीला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तिचा हात पोटावर गेला.

"किती वाजता यायचं?" आवाजातली धार तशीच होती.

"आठला. उपाशी."

"टोचणार कोण?"

"मीच."

"मग तोंड बंद ठेवून टोच."

"तू उपाशी ये, मी मुकी होते."