ग्रंथालयाची जागा

बाईंना कुणी विरोध केला की त्या खूश होत. ‘छान आहे’ म्हणणाऱ्याकडे संशयाने बघत आणि ‘हे जमणार नाही’ म्हणणाऱ्याला खुर्ची देत. “बसा, नीट भांडू या,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शिरूर तालुक्यातल्या आमच्या कॉलेजच्या त्या प्राचार्य. मी तिथे नुकताच लागलेला मराठीचा प्राध्यापक.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कॉलेजशेजारचा माळ संस्थेला मिळाला. पुढच्या वीस वर्षांत तिथे काय उभं राहावं, याचा आराखडा बाईंनी करवून घेतला. सर्वांत आधी, रस्त्यालगतच्या उंचवट्यावर, ग्रंथालय. ते त्यांचं स्वप्न होतं. आमची पुस्तकं जिन्याखालच्या खोलीत कोंबलेली होती आणि बाईंची निवृत्ती जवळ आली होती. एका वेळी एकच इमारत झेपणार होती.

“लोकांना विचारल्याशिवाय कुदळ मारायची नाही,” बाईंनी सांगून टाकलं.

संस्थेचे अध्यक्ष आप्पा वैतागले. “अवो बाई, गावाला इचारलं तर गाव देऊळ मागंल!”

“मागू द्या. ऐकून तर घेऊ.”

तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडी बाजारात मांडव घालून नकाशा टांगला. लोक भाजीच्या पिशव्या सांभाळत यायचे, मान डोलवायचे आणि निघून जायचे. बाई हिरमुसल्या.

दुपारी केंदूरच्या एक मावशी आल्या. पूर्वी मेंढरांमागे फिरणारं, आता शेतीत स्थिरावलेलं त्यांचं घर. त्यांनी विचारलं, “ह्यात पोरींनी ऱ्हायाचं कुठं?”

बाईंनी मैदानापलीकडचा कोपरा दाखवला. “इथे वसतिगृह. पण शेवटच्या टप्प्यात.”

“तवर माझी पोर आजी व्हईल की! आन् एवढ्या आडबाजूला मी न्हाई धाडायची. रस्त्याकडंला बांधा, येत्या-जात्याची नजर ऱ्हाती.”

बाईंनी खुर्ची पुढे केली. “मावशी, पुस्तकांशिवाय कॉलेज कसलं?”

“व्हय, खरं हाय. पर पुस्तकं थांबत्यात. पोरीला कोन थांबू देतंय? यस्टी चुकाय लागली की घरी बसवत्यात आन् लगीन लावत्यात.”

बराच वेळ दोघी हमरीतुमरीवर येऊन भांडत होत्या. शेवटी बाईंनी मावशींचं म्हणणं वहीत उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नकाशात उंचवट्यावर वसतिगृह आलं. ग्रंथालय मागे, मैदानापलीकडच्या कोपऱ्यात, शेवटच्या टप्प्यात गेलं. “वाईट वाटलं?” मी विचारलं. “खूप,” त्या म्हणाल्या. “पण विचारायचं आणि ऐकायचं नाही, हे मला जमत नाही.”

वसतिगृह उभं राहिलं आणि पहिल्याच वर्षी भरलं. मावशींची मुलगीही आली. ग्रंथालय मात्र बाईंच्या कारकिर्दीत झालं नाही.

निरोपाच्या दिवशी सकाळी त्या मला घेऊन ग्रंथालयासाठी राखलेल्या मागच्या मोकळ्या जागेकडे गेल्या. तिथे मुलींनी दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले होते. ओढण्या वाऱ्यावर फडफडत होत्या. मला ओशाळल्यासारखं झालं. बाई एक ओढणी बाजूला सारून आत शिरल्या, मधोमध उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून त्यांनी चेहरा उन्हाकडे केला.

“कोवळं ऊन काय सुरेख येतं हो इथे,” त्या म्हणाल्या. “पूर्वेच्या खिडक्या मोठ्या ठेवा.”