खड्ड्याकाठचं स्थळ

लग्नाची बोलणी करायला गेल्यावर स्वतःच्या गावाची ओळख कशी करून द्यावी, हे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. मी विदर्भातून पुण्यात आलेला. संगणकाच्या कंपन्या भराभर निघत होत्या त्या दिवसांत मला अशाच एका कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधण्याची नोकरी होती. जिच्याशी लग्न करायचं होतं ती शेजारच्या टेबलावर बसायची आणि माझ्या चुका फुकटात शोधायची. तिच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिच्या बाबांनी विचारलं, "आपलं गाव कुठलं?"

"लोणारजवळ," मी म्हणालो. "आमच्याकडे मोठा खड्डा आहे. बघायला परदेशातून लोक येतात."

सरोवर म्हणायला हवं होतं. गेला बाजार विवर तरी. पण आमच्या घरात खड्डाच म्हणायचे, तेच तोंडून गेलं. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, पेठेत जन्मून पेठेतच वाढलेले. त्यांनी चष्मा काढून सावकाश पुसला.

"आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. बघायला कोणी येत नाही."

स्वयंपाकघरातून तिच्या हसण्याचा आवाज आला आणि माझं डोकं फिरलं. मला कोणी काहीही म्हणा, मी ऐकून घेतो. पण खड्ड्याला नावं ठेवलेली मला सहन होत नाहीत. मी सरळ व्याख्यानच सुरू केलं. हा पावसानं पडलेला खड्डा नव्हे, आकाशातून आलेल्या दगडाचा आहे. पृथ्वी नवी होती तेव्हा असे दगड सारखे पडायचे. खडक फुटायचा, तापायचा, त्याच्या भेगांतून कढत पाणी फिरत राहायचं. त्या पाण्यात नाना रसायनं. पहिल्या जीवाची खिचडी अशाच एखाद्या खड्ड्यात शिजली असेल, असं पुष्कळ शास्त्रज्ञांना वाटतं.

"असेल?" बाबांनी विचारलं.

"नक्की कुणालाच माहीत नाही."

"म्हणजे स्थळ चांगलं आहे, पण खात्री नाही."

मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. मुलगी भाड्याच्या घरात द्यायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. मीही तोऱ्यात सांगितलं की वाघोलीत फ्लॅट बुक केलाय, काम जोरात चालू आहे. हे खोटं नव्हतं. तेव्हा आमच्या कंपनीतला जो तो चित्र बघून घर घ्यायचा, मीही घेतलं. माझ्या चित्रात समोर पोहण्याचा तलाव होता आणि त्यात एक गोरापान मुलगा फुगा धरून तरंगत होता. उन्हाळ्यात मी जागेवर गेलो होतो तेव्हा यंत्र धडाक्यानं पाया खणत होतं.

"मग रविवारी बघूनच येऊ," बाबा म्हणाले.

निघताना ती जिन्यापर्यंत आली. "रविवारी बाबांशी बेतानं बोल," तिनं बजावलं. "आणि खड्ड्याचा विषय काढू नकोस."

रविवारी नगर रोडनं मी आणि बाबा माझ्या मोटारसायकलवर निघालो. पावसाळा सरला होता, तरी बाबांनी छत्री घेतलीच. ट्रक, धूळ आणि वाटेतले खड्डे यांवर मागून अभिप्राय येत होते. प्रत्येक गचक्याला ते विचारायचे, "हा आकाशातला की महापालिकेचा?"

पोचलो. बिल्डरच्या पत्र्याच्या ऑफिसला कुलूप होतं. यंत्र नव्हतं, माणूस नव्हता. फलक उताणा पडलेला. आणि जिथं माझी इमारत असायला हवी होती तिथं एक चांगला लांबरुंद खड्डा, हिरव्यागार पाण्यानं भरलेला.

"हा?" बाबांनी विचारलं.

"हाव," मी म्हणालो. घाबरलो की माझी गावाकडची बोली बाहेर येते.

"कितवा मजला आपला?"

"चौथा."

बाबांनी मान वर केली आणि चौथा मजला जिथं आला असता त्या आभाळाकडे बराच वेळ पाहिलं. "हवेशीर आहे," ते म्हणाले. मग खाली बघून, "पोहण्याचा तलाव मात्र वेळेत दिलाय."

मला हसू येईना. ती मला हवी होती, फार हवी होती, आणि माझं तोंड उघडलं की ती थोडी आणखी लांब जात होती. पाण्यावर चतुर भिरभिरत होते. पलीकडे एक बगळा एका पायावर उभा होता. बाबा काठाशी उकिडवे बसले आणि पाण्यात वाकून बघू लागले. शेवाळात बेडकांची पिल्लं वळवळत होती, शेपट्यांसकट.

"यांना कुणी आणलं इथं?"

"कुणी नाही. पाणी साचलं की येतात."

"हं." मग ते म्हणाले, "तुमचं ते परवाचं. पहिला दगड पडला आणि लगेच झाली का सुरुवात?"

ती बेतानं बोल म्हणाली होती, पण आता वाचवायला काही उरलंच नव्हतं. "नसेल झाली. दगड पुन्हा पुन्हा पडत होते. एखाद्या ठिकाणी कुठं जमत आलं असेल तर पुढच्या दगडानं सगळं उकळून टाकलं असेल. मग परत पहिल्यापासून."

"कंटाळा नाही आला?"

"कंटाळले असते तर आपण दोघं आज इथं उभे नसतो."

"मी बसलोय," बाबा म्हणाले.

मग त्यांनी मिटलेली छत्री काठाशी पाण्यात उभी बुडवली. ती तळाला टेकली. बाहेर काढून ओलं कुठवर आलंय ते नीट न्याहाळलं, आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले. तो हात त्यांनी लगेच काढला नाही.

"आमच्या सौभाग्यवतींची सकाळपासून एकच ताकीद आहे," ते म्हणाले, "पोरीला विहिरीत ढकलू नका."

मी मान खाली घातली.

"ही विहीर नाही. पाणी गुडघाभरसुद्धा नाही." त्यांनी छत्री झटकली, माझ्या पँटवर शिंतोडे उडाले. "ढकलायला हरकत दिसत नाही."